सकाळी चार रेघा खाली

प्रिय नामदेव भाऊ,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहितात. पण तुम्हाला नमस्कार लिहायला माझा हात धजत नाहीये, म्हणून तो राहू दे. आधी जे सांगायचंय ते सांगते.

परवा तुमच्या तेराव्याला मी नांदगावला आले होते. अंगणात मांडव होता, पंगत बसली होती. शोभावहिनींनी माझा हात धरून मला बसवलं. "ह्यांच्या नाशिकच्या ताई," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं आणि मी नको नको म्हणत असताना पानात पुन्हा भात वाढला.

समोरच्या ओळीत तुमचे मालेगावचे व्याही बसले होते. शेजारच्या माणसाला ते म्हणाले, "माणूस तसा चांगला हो. पण शेवटी कंपनीनं काढलंच ना? आकडे खोटे लिहायचे म्हणे." आवाज काही बारीक नव्हता. तुमची ज्योती पाण्याचा जग घेऊन त्यांच्याच मागे उभी होती. तिनं ऐकलं, मान खाली घातली आणि पुढच्या पानाला पाणी वाढायला गेली.

आणि मी काय केलं? घास गिळला, भाऊ! त्या अख्ख्या मांडवात खरं काय ते माहीत असलेली मी एकटी होते. उभं राहून दोन वाक्यं बोलायची होती. मी भात कालवत बसले. मठ्ठा चांगला झालाय, असंही कुणाला तरी म्हणाले.

परतताना मनमाडपर्यंत मी स्वतःला समजावत होते, की तेराव्याच्या पंगतीत असला विषय काढणं बरं दिसलं नसतं. नाशिक आलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, की गेली चार वर्षं मी हेच करतेय. प्रत्येक वेळी बरं न दिसण्याचं काहीतरी कारण मला सापडतंच! म्हणून आज हे लिहायला बसले.

आपली लॅब तुम्हाला आठवते का, हे विचारणं वेडेपणाचं आहे. नाशिकला अंबडच्या कारखान्यात मी नोकरीला लागले तेव्हा डिग्रीची शाई ओली होती आणि डोकं जरा जास्तच वर होतं. तुम्ही मला त्या करड्या पत्र्याच्या पेटीपुढे नेलंत. आत जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह, बाहेर एक भलामोठा काटा, माझ्या जन्माच्याही आधीचं यंत्र. मी म्हणाले, "हे अजून चालतं?" तुम्ही म्हणालात, "चालतं म्हणजे? हा म्हातारा आपल्या दोघास्नी पोचवून मग बसंल."

विजेच्या मोठ्या लाइनवर तारा धरून ठेवणारे क्लॅम्प आपण तपासायचो. क्लॅम्प खराब असला की तो विजेच्या मोठ्या दाबाखाली तडतडतो आणि आसपासच्या रेडिओंत खरखर येते. ती खरखर किती, ते म्हातारा सांगायचा. कंपनीतले लोक विचारायचे, आता रेडिओ ऐकतो कोण? तुम्ही शांतपणे म्हणायचात, "एक जण जरी ऐकत आसंल, तर त्याच्या कानात आपली खरखर जायला नको."

"ताई, पुस्तकात मीटर बरोबर आसतं," हे तुमचं पहिल्या आठवड्यातलं वाक्य. "हितं आधी मीटरलाच विचारायचं, बाबा, तू बरा हाय का?" म्हणून रोज काम सुरू करण्याआधी ठरलेल्या मापाचा सिग्नल त्याला द्यायचा आणि काटा लाल खुणेवर जातो का ते बघायचं. कॅलिब्रेशन, कॅलिब्रेशन म्हणून मी चार वर्षं कॉलेजात जे घोकलं ते एवढंच होतं. काट्यामागे आरशाची पट्टी होती. काटा आणि आरशातला काटा एकावर एक येईपर्यंत डोकं हलवायचं आणि मगच आकडा वाचायचा. मी घाई केली की तुम्ही माझं डोकं नाही, खुर्ची हलवायचात!

मग ती खंडेनवमी आली. लॅबमध्ये बाई मी एकटी, त्यामुळे यंत्रांना हळदीकुंकू लावायचं काम न विचारता माझ्याकडेच असायचं. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? तुम्ही झेंडूची माळ बांधायचात, नारळ फोडायचात, आणि मी वाटीत कुंकू भिजवून एकेका यंत्राला बोट लावत जायची. दर वर्षी म्हाताऱ्याच्या झाकणावर लावायची.

त्या वर्षी कंपनीच्या ग्रुपवर टाकायला फोटो हवा होता. करड्या पत्र्यावर कुंकू उठून दिसेना. सिग्नल जिथून आत शिरतो तिथे पांढऱ्या चिनीमातीची एक चकती होती, रुपयाएवढी. तिच्यावर बोट टेकवलं आणि काय सुरेख दिसलं! हळदीचं एक, कुंकवाचं एक. जरा जास्तच ओलं झालं, एक ओघळ चकतीच्या खाली गेला. मी फोटो काढला, ग्रुपवर टाकला. साहेबांचा अंगठा आला. एवढ्याशा गोष्टीनं मी खूश झाले होते.

दिवाळी झाली, थंडी पडली आणि म्हातारा बिघडला. सकाळी साडेआठला सिग्नल दिला की काटा लाल खुणेच्या चार रेघा खाली. अकरा वाजता तोच सिग्नल, तीच केबल, आणि काटा बरोबर खुणेवर! दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच. "म्हातारा थंडीचा उठायला कंटाळतोय," असं तुम्ही हसून म्हणालात. चौथ्या दिवशी हसला नाहीत.

तुम्ही काय काय शोधलंत, भाऊ! व्हॉल्व्ह तापायला वेळ घेतात म्हणून आदल्या संध्याकाळपासून मीटर चालू ठेवलंत. काटा चार खाली. व्हॉल्व्ह एकेक करून बदललेत. चार खाली. केबल बदलली, केबलच्या टोकाची पिन बदलली, सकाळचा विजेचा दाब कमी असेल म्हणून स्टॅबिलायझर लावला. अर्थिंगच्या खड्ड्यात मिठाचं पाणी ओतलंत. सिग्नल देणारं यंत्रच खोटं बोलत असेल म्हणून ओळखीच्या कॉलेजातून दुसरं मागून आणलंत, रिक्षात मांडीवर घेऊन. त्यानंही चारच दाखवले. पेटी उघडून कुठे सोल्डरचा डाग देताना टाका कोरडा राहिलाय का, ते भिंगानं बघत तुम्ही दोन दुपारी घालवल्यात.

आणि एके दिवशी कापसावर स्पिरिट घेऊन तुम्ही समोरचा सगळा पत्रा पुसलात. मी शेजारीच उभी होते. बटणं, खाचा, स्क्रूची डोकी, सगळं लख्ख केलंत. चकतीपाशी आलात आणि कापूस कडेकडेनं फिरवून पुढे नेलात. कुंकवाला धक्का लावला नाहीत.

पूजेचं कुंकू कोण पुसतं? आपण पुसत नाही. ते आपलं आपण उडून जातं. कारखान्यातल्या लेथपासून मालकांच्या गाडीपर्यंत सगळ्यांवर ते बोट असतं, वर्षभर असतं, आणि ते डोळ्यांना दिसतच नाही. धूळ असती तर तुम्ही पहिल्या दिवशी पुसली असती. तेलाचा डाग असता तर तुम्ही मला ओरडला असतात. कुंकवाला घाण म्हणायचं तुमच्या मनात येणं शक्यच नव्हतं. माझ्याही आलं नाही. तुम्ही त्याला वळसा घातलात तेव्हा मला बरं वाटलं होतं, माझ्या हातचं म्हणून जपलंत असं वाटून.

काटा चार खाली म्हणजे खरखर असेल त्यापेक्षा कमी दिसणार, आणि खराब क्लॅम्पही पास होऊन जाणार. हे माझ्याआधी तुम्ही बोललात. "कारण सापडत नाय तवर सकाळचं माप धरायचं नाय." साहेब चिडले, माल अडतोय म्हणाले. तेव्हा तुम्ही काय केलंत? सकाळी घेतलेला प्रत्येक क्लॅम्प दुपारी पुन्हा तपासलात आणि रजिस्टरमध्ये दोन्ही आकडे लिहिलेत. खाली दर वेळी एक ओळ, "सकाळी चार रेघा कमी. कारण सापडले नाही." एकही खराब क्लॅम्प तुमच्या हातून गेला नाही. हे मी आज छातीठोकपणे सांगू शकते. तेव्हाही सांगू शकले असते.

माल घेणाऱ्या कंपनीचा तपासणीस आला तो थंडीतच. त्यानं रजिस्टर उघडलं आणि त्याला एकाच क्लॅम्पचे दोन दोन आकडे दिसले. तो म्हणाला, "मीटर खराब आहे की माणूस? संध्याकाळपर्यंत लेखी द्या." मीटर खराब म्हणावं तर त्या मोसमातली सगळी प्रमाणपत्रं परत मागवायला लागणार. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ओरडले नाहीत. चहा मागवला. "मॅडम, इनचार्ज तुम्ही. तुम्हीच ठरवा," एवढंच म्हणाले.

मी ठरवलं. "मापक यंत्रात दोष आढळला नाही. नोंदींमधील फरक वाचन घेणाऱ्या कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे झाला आहे." खाली सही, सहीखाली हुद्दा. टाइप करायला मला चार मिनिटं लागली असतील. ज्या माणसानं मला काटा वाचायला शिकवलं त्याला मी काटा वाचता येत नाही असं लिहून दिलं!

तुम्ही तो कागद वाचलात, घडी घातलीत आणि मला परत दिलात. चिडला असतात तर मला बरं झालं असतं. तुम्ही विचारलंत, "ताई, घरी काय म्हून सांगू?" आणि मी म्हणाले, "भाऊ, हे फक्त कागदापुरतं आहे." कागदापुरतं! कंपनीत मालेगावकडची दोन माणसं होती, हे मला माहीत नव्हतं का? तुमच्या व्याह्यांच्या कानावर ते पोचायला किती दिवस लागणार होते?

निवृत्तीला नऊ महिने राहिले होते तुमचे, आणि त्या कागदावरून कंपनीनं तुम्हाला काढलं. पाथर्डी फाट्याची खोली सोडून तुम्ही नांदगावला गेलात. जाताना एकच मागितलंत, "कारण सापडलं की मला सांगा. एवढं मात्र करा."

तुम्ही गेलात आणि उन्हाळ्यात नव्या डिजिटल यंत्रासाठी लॅबला एसी बसला. खोली कोरडी झाली. म्हाताऱ्याचा काटा सकाळ-दुपार लाल खुणेवर! सगळी कंपनी म्हणाली, बघा, नामदेव गेला आणि मीटर सुधारलं. मीही मान डोलावली, भाऊ. मला तर ते हवंच होतं.

पुढची खंडेनवमी आली. मी सवयीनं चकतीवर, जुन्या बोटावरच नवं बोट लावलं. दसऱ्याची सुट्टी, दोन दिवस एसी बंद. तिसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी पोचले, सिग्नल दिला आणि काटा सहा रेघा खाली! चार नाही, सहा. मी खुर्चीत बसले. तुम्ही शिकवलेला प्रश्न स्वतःला विचारला, की काल-परवापासून यात नवं काय आहे? मीटर तेच, केबल तीच. नवं एकच होतं, आणि ते माझ्यासमोर लालभडक दिसत होतं.

कापूस स्पिरिटमध्ये बुडवून मी चकतीवर फिरवला. पहिल्या फेरीला काटा हलला. दुसऱ्या फेरीला वर चढला. चकतीच्या खालचा गेल्या वर्षीचा ओघळ नखानं खरवडून काढला, आणि काटा लाल खुणेवर जाऊन थांबला.

एवढंच होतं, भाऊ! तिथे सिग्नल इतका अशक्त असतो, की थंडीतल्या ओलसर हवेनं कुंकू दमट झालं की तो त्याच्यातून पत्र्यात पळून जायचा. अकरापर्यंत ऊन चढायचं, कुंकू सुकायचं, म्हातारा बरा व्हायचा. तुमचे व्हॉल्व्ह बरोबर, टाके बरोबर, आकडे बरोबर. चूक माझ्या बोटाची होती.

मी काय करायला हवं होतं, ते तुम्हालाही कळतं, मलाही. मी मागे वळून बघितलं, कुणी आलंय का. तो लाल झालेला कापूस कचऱ्याच्या डब्यात टाकायचीही मला भीती वाटली. रुमालात गुंडाळून मी तो पर्समध्ये ठेवला आणि घरी नेला. चोरानं माल न्यावा तसा!

नोकरीची भीती होती असं म्हणाले तर तेही खोटं ठरेल. नोकरी गेली नसती. लोक हसतील, ही भीती होती. मॅडमच्या हळदीकुंकवानं मीटर बिघडलं! इंजिनिअर ना तुम्ही? एवढ्याशा हसण्याला मी घाबरले आणि त्यासाठी तुमचं नाव तसंच पडू दिलं. तुमची अब्रू एका पारड्यात आणि माझं हसं दुसऱ्यात, आणि मला माझंच जड वाटलं.

त्याच आठवड्यात तुमचा फोन आला. "ताई, सकाळचं सापडलं का?" मी म्हणाले, "नाही हो भाऊ."

पहिलं खोटं अवघड गेलं. पुढची जड गेली नाहीत. दर महिना-दीड महिन्यानं तुमचा फोन, आणि दर वेळी नवं कारण. "ताई, शेजारच्या शेडमधलं वेल्डिंग अकराला बंद व्हायचं, बघा बरं." मी म्हणायची, बघते. पुढच्या फोनला सांगायची, पाहिलं, तसं नाही. "ताई, मागच्या जाळीत पाल तर नाय ना बसत? थंडीत पाल उबंला येती, आन् ऊन पडलं की जाती." मी खरंच हसले त्या दिवशी. तुम्हीही हसलात. तुम्ही शेतात, बाजारात, एसटीत बसून ते मीटर मनात उघडत होतात, एकेक तार तपासत होतात. आणि मी ते तीन वर्षं बघत राहिले! एका वाक्यानं तुमची सुटका झाली असती.

रागही येतो तुमचा, सांगू? एकदा तरी तुम्ही मला विचारायचं होतंत, की ताई, तुम्ही असं का लिहून दिलंत? तुम्ही कधी शिव्या घातल्या असत्या तर मी त्या भरात ओकून टाकलं असतं सगळं. तुम्ही माझ्यावर इतका विश्वास का ठेवलात? पण हे लिहितानाच मला कळतंय, की मी पुन्हा तुमच्यावरच खापर फोडतेय. जित्या माणसावर फोडून झालं, आता गेलेल्यावर!

शेवटचा फोन तुम्हाला आठवत असेल. आवाज खोल गेला होता, पण खुशीत होतात तुम्ही. "ताई, सापडलं बघा!" मला वाटलं, कळलं यांना. तुम्ही म्हणालात, "हितं शिबिरात डोळं तपासलं. मोतीबिंदू निघाला, लय जुना हाय म्हणं. सकाळी आपल्या खिडकीतून ऊन तिरपं यायचं ना? त्या उजेडात मलाच काटा खाली दिसत आसंल. दुपारी ऊन सरकलं की बरोबर. मीटरचं काय नव्हतं, माझीच नजर. सायबांना सांगा, ताईंचा कागद बरोबर होता."

चार वर्षं शोधून शेवटी तुम्ही स्वतःलाच दोषी ठरवलंत. आणि किती समाधान होतं तुमच्या आवाजात, एकदाचं कारण सापडल्याचं!

तो काटा मीही पाहिला होता. तुमच्या शेजारी उभं राहून, आरशात बघून, माझ्या धडधाकट डोळ्यांनी मी त्याला चार रेघा खाली पाहिलं होतं. एवढं जरी म्हणाले असते, की भाऊ, मलाही खालीच दिसला होता, तरी पुरलं असतं. कुंकवाचं नसतं सांगितलं तरी चाललं असतं.

मी म्हणाले, "असेल, भाऊ."

अठरा दिवसांनी तुम्ही गेलात. तुमची नजर चुकली असं मानून गेलात. मी लिहून दिलेल्या कागदापेक्षा ते "असेल" मला जास्त छळतं. कागद लिहिताना निदान साहेबांच्या केबिनचा दबाव होता. फोनवर माझ्यावर कुणाचा दबाव होता?

आज सकाळी मी साहेबांकडे गेले. सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, नुसते कंटाळले. "मॅडम, म्हाताऱ्याला आता रिसेप्शनला काचेच्या कपाटात ठेवायचंय. त्याचं जुनं कशाला उकरता?" मी लिहूनच नेलं होतं. तुमच्या नोंदी बरोबर होत्या, दोष कुंकवामुळे होता, कुंकू मी लावलं होतं, आणि हे तीन वर्षांपासून मला माहीत होतं. खाली सही. एक प्रत फायलीत लावली, एक त्या तपासणीसाच्या कंपनीला पाठवली. लॅबमधल्या मुलांनाही गोळा करून सांगितलं. दोघं हसले. ज्याला मी तीन वर्षं घाबरले ते हसणं मिनिटभरसुद्धा टिकलं नाही.

मग वहिनींना फोन केला. त्यांनाही सगळं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "तुमचा फोन झाला की दिसभर खुशीत आसायचे. म्हनायचे, ताईंना अजून माझी गरज लागती."

माझ्या मनात काय आलं सांगू का? आलं, की चला, म्हणजे माझ्या खोट्यानं त्यांना थोडा आनंद तरी मिळाला! बघा मी कशी आहे. गेलेल्या माणसाच्या खुशीतूनही स्वतःसाठी सूट काढायला बघणारी.

वहिनींनी ती मिळू दिली नाही. म्हणाल्या, "ताई, मला सांगून काय उपेग? मला म्हाईतच होतं, हे खोटं लिहिणारं मानूस नव्हतं." मी माफी मागायला लागले तर त्यांनी मला थांबवलं. "माफीचं मी काय करू? माझी ज्योती तिकडं रोज खाली मान घालून वाढती. तिकडं जाऊन सांगा. फोनवर नको. समोर बसून सांगा."

तर भाऊ, या रविवारी मी मालेगावला जातेय. व्याह्यांना आजच फोन करून ठेवलाय, घरी थांबा म्हणून. ते आणि त्यांची माणसं जिथे बसतील तिथे त्यांच्यासमोर बसेन आणि ज्योतीला माझ्या शेजारी बसवून घेईन. तिनं उठून चहा करायला जायचं म्हटलं तरी जाऊ देणार नाही, तिच्या कानांवर ते पडलं पाहिजे. नामदेव भाऊंनी लिहिलेला प्रत्येक आकडा खरा होता. खोटं लिहिलं ते मी. यापुढे "पण त्या वेळी" असं काही जोडणार नाही. कुणी विचारलंच, की मग इतकी वर्षं गप्प का बसलात, तर उत्तर द्यायचं धाडस गोळा करतेय. उत्तर लाजिरवाणं आहे, पण तेच देईन. ज्योतीनं मला उंबऱ्यातून परत पाठवलं, तर बाहेर उभी राहून सांगेन, पण सांगितल्याशिवाय परत येणार नाही.

तुम्ही मला पहिल्या दिवसापासून ताई म्हणत आलात. ते मी मालेगावहून परत आल्यावर बघू. तोवर या कागदाखाली हुद्दा नाही, ताई नाही, नुसती

अनघा